लांजेवार काकांच्या गाडीचा रंग

लांजेवार काकांच्या घरी गेलात तर पाण्याच्या आधी प्रश्न मिळतो. फाटकाची कडी वाजल्याबरोबर काका व्हरांड्यातून ओरडतात, "थांबा! तिथंच थांबा! तिथून गाडीचा कोनता रंग दिसून राहिला?" तुम्ही दूधवाले असा, सिलिंडरवाले असा की लग्नाची पत्रिका द्यायला आलेले पाहुणे, उत्तर दिल्याशिवाय आत प्रवेश नाही. तुम्ही गोंधळून म्हणता, "हिरवा." काका उजवा हात वर करतात, तळवा समोर धरतात आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणतात, "हिरवा!" मग ते वहीत लिहितात. पाणी त्यानंतर.

भिलाईच्या रिसालीत आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. काका रेल्वेच्या स्टोअरमधून रिटायर झाले. नट, बोल्ट, कंदिलाच्या वाती, साबणाच्या वड्या असं काहीबाही त्यांनी तीसेक वर्षं खिडकीतून लोकांना दिलं, आणि त्या काळात कोणाला काही सहजासहजी दिलं असेल असं मला वाटत नाही. मी शाळेत ड्रॉइंग शिकवतो. स्नेहसंमेलनाचे फोटो काढायला दुसरं कोणी तयार नसतं म्हणून मी बरा कॅमेराही बाळगून आहे. या दोन गुन्ह्यांमुळे मी काकांच्या तावडीत सापडलो. ते मला 'मास्तर' म्हणतात. शाळेत सगळे 'सर' म्हणतात, हे मी त्यांना दोनदा सांगून पाहिलं.

गाडी मुळात पांढरी होती. चारचौघांची असते तशी लहानशी, वापरून जुनी झालेली, कोणाच्या अध्यात ना मध्यात. रिटायर झाल्यावर लोक तीर्थयात्रेला जातात, काका सुपेल्याच्या एका पेंटरकडे गेले. पंधरा दिवसांनी गाडी परत आली ती ओळखू येईना. समोरून हिरवी, दोन पावलं सरकलं की जांभळी, रस्त्यावरून तिरकं पाहिलं तर तांब्याच्या भांड्यासारखी. मोराला कावीळ झाली आहे असंच पहिल्यांदा मला वाटलं, आणि दुसऱ्या दिवशी मी ते स्टाफरूममध्ये सांगितलं. खूप हशा पिकला. तेव्हापासून काका हा माझा मधल्या सुट्टीतला ठरलेला विषय झाला.

सुमनकाकूंनी गाडी पाहून फक्त एवढंच म्हटलं, "या वयात मानूस केस काळे करते. आमच्या यायनं गाडी रंगवली."

काकांच्या बाकीच्या सवयीही सांगण्यासारख्या आहेत. त्यांचे शर्ट दोरीवर वाळत असले की कॉलरच्या आतल्या बाजूला शाईनं लिहिलेले आकडे दिसतात. एक, दोन, तीन. पँटींच्या पट्ट्यावरही तेच आकडे. रेल्वेच्या माणसाला डबे नंबरानंच जोडता येतात, हा माझा त्यावरचा विनोद होता. सुपेल्याच्या चौकात सिग्नलला थांबलं की सगळी दुनिया म्हणते, "हिरवा झाला, चला." काका म्हणतात, "खालचा लागला, चला." लाल दिव्याला ते 'वरचा' म्हणतात. एकदा मी विचारलं, "काका, वरचा-खालचा काय, माळ्यावर सामान ठेवायचंय का?" ते म्हणाले, "रेल्वेत उलटं असते मास्तर. तिथं लाल खाली." आणि त्यांनी गियर टाकला.

तर अशी ही गाडी एके दिवशी चौकात अडवली गेली. पोलिसानं कागद पाहिला, गाडी पाहिली, पुन्हा कागद पाहिला. "इसमें सफेद लिखा है. ये कौन सा कलर है?" काकांनी आपला नेहमीचा उपाय केला. त्यांनी पोलिसालाच विचारलं, "तुमाले कोनता दिसून राहिला?" पोलीस बिचारा गाडीभोवती एक चक्कर मारून आला आणि आणखी चिडला. शेवटी त्यानं महिन्याची मुदत दिली. एकतर नवा रंग कागदावर चढवून आणा, नाहीतर गाडी पुन्हा पांढरी करा.

काका संध्याकाळी माझ्याकडे आले. चेहरा उतरला होता. "मास्तर, पांढरी नाही करायची. काहीही होऊन जावो, पांढरी नाही करायची. तुमी फोटो काढून द्या. आरटीओत फोटो लावा लागते, अन् रंगाचं नाव लिहा लागते. एक रंग, पक्का."

मला वाटलं, दहा मिनिटांचं काम आहे. मी तीन रविवार त्यात घातले.

पहिल्या रविवारी काकांनी गाडीभोवती खडूनं बारा गोल काढून ठेवले होते. प्रत्येक गोलात उभं राहून फोटो. सकाळी सातला, मग नऊला, मग ऊन डोक्यावर आल्यावर. काका छत्री घेऊन बॉनेटवर सावली धरायचे, मग सावली नको म्हणून छत्री मिटायचे. गाडी तीनदा धुतली. मी म्हटलं, "काका, कॅमेऱ्याला एका वेळी एकच दिसतं. सहा नंबरच्या गोलातून जांभळी येते, दोनमधून हिरवी. एक ठरवा आणि मोकळे व्हा."

"तुमाले दोनमधून हिरवीच दिसून राहिली? पक्कं?"

"पक्कं."

"घाई नका करू. पुन्हा पाहा."

"हिरवी, काका."

हात वर. "हिरवी!" आणि वहीत नोंद.

फोटो छापून आणले की ते व्हरांड्यात मांडायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडून त्याखाली रंग लिहून घ्यायचे. कोहक्याहून काकूंचे भाऊ आले होते. त्यांनी एकाच फोटोखाली आधी 'मोरपंखी' लिहिलं, मग ते खोडून 'शेवाळी' केलं, मग बायकोला विचारायला घरात गेले. काका इतके खूश झाले की त्यांनी मेहुण्याला जेवायला थांबवून घेतलं. लोक चुकले, अडखळले, आपसात भांडले की या माणसाच्या तोंडावर जो आनंद पसरायचा, तो पाहून मला तर तो दुष्टपणाच वाटायचा. ड्रॉइंगच्या मास्तरला रंग शिकवायला निघालाय म्हातारा, असंही मनात यायचं. ते स्वतः मात्र कधीही रंग सांगत नसत. विचारलं तर म्हणायचे, "रंग काही एकट्याच्या म्हनन्यावर नसते, मास्तर."

दुसऱ्या रविवारी एक गोष्ट झाली. मी लालभडक टी-शर्ट घालून गेलो होतो, आणि हिरव्या दारात माझं लाल प्रतिबिंब पडलं. फोटोत दाराच्या मधोमध भलामोठा लाल डाग. बारा गोल आखणारा, पाण्याचा एक थेंब सुकला नाही म्हणून फोटो रद्द करणारा हा माणूस तो फोटो हातात धरून म्हणाला, "हा सगळ्यात साफ आला." मी घरी येऊन बायकोला सांगितलं, काकांचं आता वय झालं. ती म्हणाली, "तुम्ही फार बोलता त्यांच्याबद्दल." मी त्याकडे लक्ष दिलं नाही.

मुदतीचे चार दिवस उरले तेव्हा आम्ही त्याच गाडीतून आरटीओत गेलो. काकांच्या फाइलमध्ये बारा फोटो होते. मी दोनच लावा म्हटलं होतं. खिडकीतला क्लार्क शांत माणूस होता. त्यानं बाराही फोटो एकामागून एक पाहिले आणि विचारलं, "चाचाजी, कितनी गाड़ियाँ हैं?"

"एकच."

"कलर क्या लिखूँ?"

काकांनी मान खिडकीत घातली. "तुमाले... आपको कौन सा दिखता है?"

"मेरे दिखने से क्या होगा? गाड़ी आपकी है. आपको जो दिखता है वो बोलिए, मैं वही लिख देता हूँ."

रस्ता इतका सोपा झाला होता. एक शब्द बोलायचा आणि घरी जायचं. काका फोटोंकडे पाहत राहिले. त्यांनी एक उचलला, ठेवला, दुसरा उचलला. मागे रांग वाढत होती. कोणीतरी म्हणालं, "अरे काका, बोल दो ना." काकांच्या कपाळावर घाम आला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला शाळेत दुसऱ्या तासाला पोहोचायचं होतं, तीन रविवार गेले होते, आणि मी सगळ्यांसमोर मोठ्यानं बोललो, "सांगून टाका ना काका. आंधळे आहात का?"

रांगेतले दोघेतिघे हसले. मला हशा आवडतो, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

काकांनी फोटो गोळा केले, नीट फाइलमध्ये लावले आणि ते बाहेर गेले. मी मागून गेलो. ते गाडीत बसले होते, दोन्ही हात स्टिअरिंगवर. मी शेजारी बसलो. मग काका समोरच्या काचेकडे पाहत म्हणाले, "आंधळा नाही जी. पन मले लाल अन् हिरवा समजत नाही. जन्मापासून."

मी त्यांच्याकडे वळलो.

"माया बाप नागपूर लाइनीवर ड्रायव्हर होता. मलेही इंजिनावरच जायचं होतं. भरतीच्या मेडिकलमध्ये ते ठिपक्यांचं पुस्तक असते ना, ज्याच्यात आकडे लपवले राहतात, ते एका दोस्तानं मले पाठ करून दिलं. पहिल्या पानावर बारा, दुसऱ्यावर आठ. मी धडाधडा म्हनून टाकलं. पास झालो. चार वर्सं इंजिनावर असिस्टंट होतो, मास्तर. सिग्नल दिसला की दोघायनं हात वर करून मोठ्यानं रंग बोलायचा, असा नियम राहते. ड्रायव्हर आधी बोलायचा, 'हिरवा!' मी त्याच्यामागं, 'हिरवा!' कोनाले समजलं नाही."

"मग?"

"मग पुढच्या मेडिकलले पुस्तक बदललं. नव्या पुस्तकातले आकडे मले कोन सांगनार? डाक्टरनं पान समोर धरलं, अन् मी चूप. आज खिडकीत होतो तसा. तिथून स्टोअरमध्ये टाकलं. त्यायचं बराबर होतं. उद्या सिग्नल मीच आधी बोललो असतो तर शेकडो लोक मेले असते. हे मले तवाच समजलं. पन घरी बापाले सांगितलं की डोळ्यात मोतीबिंदू निघाला. सुमनशिवाय कोनालेच खरं ठाऊक नाही. शर्टावर नंबर तीच टाकते."

दोरीवरचे आकडे माझ्या डोळ्यांसमोर आले, आणि त्यावरचा माझा विनोदही.

"मग हा असा रंग कावून लावला, काका?" मी त्यांच्यासारखंच विचारून बसलो.

"सुपेल्यात एक गाडी उभी होती. तिच्यापाशी चार लोक भांडून राहिले होते. एक म्हने हिरवी, एक म्हने जांभळी. कोनाचंच पक्कं नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं, रंगापुढं सारेच माझ्यासारखे उभे आहेत. मले मोठं बरं वाटलं जी." ते हसले. "मले स्वतःले काही बदल दिसत नाही तिच्यात. जरा उजळ, जरा काळपट. बाकी चारी बाजूनं सारखीच."

भिलाईत इतकी माणसं त्या गाडीकडे वळून पाहतात, आणि ज्याला तिचा रंग बदलताना दिसत नाही असा एकच माणूस म्हणजे तिचा मालक. मी तीन रविवार त्याला चिकित्सक, दुष्ट आणि म्हातारा ठरवत होतो. मी रंग शिकवतो आणि मला समोरचा माणूस दिसला नाही. मला फार लाज वाटली, आणि तसं मी त्यांना सांगितलंही. काका म्हणाले, "जाऊ द्या. तुमी फोटो चांगले काढले म्हनतात सारे."

फाइल घेऊन आम्ही पुन्हा खिडकीशी गेलो. दोन नंबरच्या गोलातला फोटो मी क्लार्कपुढे ठेवला आणि म्हणालो, "हरा लिखिए." त्यानं काकांकडे पाहिलं. काकांनी मान हलवली आणि सही केली. क्लार्कनं आणखी काही विचारलं नाही.

परत येताना सुपेल्याच्या चौकात लाल दिवा लागला होता. शेजारच्या रांगेत एक ट्रक उभा राहिल्यामुळे खांब अर्धा झाकला गेला होता आणि पेटलेला दिवा तेवढा झाडाच्या पानांआडून दिसत होता. तो वरचा की खालचा, हे कळायला मार्ग नव्हता. काका मान वाकडी करून पाहत होते, हात गियरवर, पाय घट्ट. एरवी मी इथे काहीतरी बोललो असतो. दिवा बदलला. मागून हॉर्न सुरू झाले. काका हलले नाहीत.

मी उजवा हात खांद्याच्या वर उचलला, तळवा समोर धरला आणि मोठ्यानं म्हणालो, "हिरवा!"

काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांचा हात स्टिअरिंगवरून वर आला.

"हिरवा!" ते म्हणाले, आणि त्यांनी गाडी सोडली.