लेगगार्डवरची चंदेरी रेघ

रंगाच्या बाबतीत मला कुणी फसवू शकत नाही! हे मी बढाई म्हणून सांगत नाही. बरं, बढाई म्हणूनच सांगतो. एकोणीस वर्षं मी गाड्यांच्या रंगाच्या दुकानात एकच काम करतोय. कुणाची गाडी कुठे घासली की तो माणूस खरवडलेल्या रंगाची एवढीशी टिकली पुडीत बांधून आणतो, आणि मी थेंबाथेंबाने तोच रंग जुळवून डबीत भरून देतो. तुम्ही म्हणाल, चंदेरी द्या. मी विचारीन, कुठला चंदेरी? चंदेरीच्या एक्केचाळीस तऱ्हा मला तोंडपाठ आहेत! बायकोचा वाढदिवस दोनदा विसरलो, ती गोष्ट वेगळी.

गिऱ्हाईक बहुतेक एकाच छापाचं. मोटार मागे घेताना उभ्या मोटारसायकलला ठोकून आलेलं. आत येतं, इकडेतिकडे बघतं आणि हळूच विचारतं, "कळणार नाही ना हो कुणाला?"

माझं उत्तर ठरलेलं आहे. "अहो, चूक त्या मोटारसायकलवाल्याचीच! गाडी कशी लावावी याची अक्कल नसते या लोकांना. तुम्ही बिनघोर जा. त्याचा बाप आला तरी ओळखू शकणार नाही!"

गिऱ्हाईक खूश होतं. गिऱ्हाइकाला खूश करायला आपलं काय जातं?

खरं तर मी स्वतःच मोटारसायकलवाला. म्हणजे दोन महिन्यांपासून. मोटारसायकल सासऱ्यांची. सव्वीस वर्षं त्यांनी ती तळहातावरच्या फोडासारखी जपली. पुसायला तीन फडकी होती. एक टाकीचं, एक चाकांचं, आणि तिसरं कशाचं ते विचारायची आमच्यापैकी कुणाची हिंमत झाली नाही. मग गुडघ्याने दगा दिला, आणि ती कुणाला द्यायची हा प्रश्न आला. जावई दोन. एक मी, दुसरा माझा साडू. साडूच्या घराला अंगण, अंगणात पत्र्याची शेड. माझ्याकडे इमारतीसमोरची गल्ली! तरी सासऱ्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली.

"तुम्ही रंगातले माणूस आहात, जावईबापू. जपाल," ते म्हणाले. "पण ज्या दिवशी हिच्यावर ओरखडा दिसेल, त्या दिवशी ही त्या दुसऱ्यांच्या शेडमध्ये जाईल."

हसू नका, पण माझे डोळे भरून आले होते. लग्नाला अकरा वर्षं झाली, आणि सासऱ्यांनी मला पहिल्यांदाच कशाच्या तरी लायक समजलं होतं!

ओरखड्याच्या धास्तीने मी ती चालवतच नसे. दुकान दोन गल्ल्यांवर, पायी जायचो. मोटारसायकल भिंतीशी कव्हर घालून उभी. सगळं कसं सुरळीत चाललं होतं.

शुक्रवारी घरी आलो तर बायको म्हणाली, "अहो, बाबांचा फोन होता. रविवारी अकराला येतायत. मोटारसायकल बरी आहे ना, असं तीनदा विचारलं."

"तीनदा?"

"तीनदा. आणि आवाज कसातरीच येत होता."

संशय! साडूने काहीतरी कान भरले असणार! मी चहा तसाच टाकून खाली धावलो. कव्हरची दोरी सोडायला गेलो आणि चरकलो. मी बांधतो ती गाठ बुटाच्या नाडीची. ही गाठ तीन वेढ्यांची होती, टोकं आत खोचलेली, एकदम शिस्तीत. कव्हर ओढलं. टाकीला तळहाताएवढा पोचा! आरशाला तडा! लेगगार्ड वाकलेला, आणि त्याच्या काळ्या रंगावर बोटभर लांब चंदेरी रेघ!

कुणीतरी मोटार मागे घेताना तिला भिंतीवर आपटली होती, उचलून पुन्हा उभी केली होती, कव्हर घातलं होतं आणि पोबारा केला होता. कधी, देव जाणे. दहा-बारा दिवसांत मी कव्हर काढलंच नव्हतं.

"पोचे काढणाऱ्याकडे न्या की," बायको म्हणाली.

नेली. त्याने टाकीवर दोनदा टिचकी मारली. "बुधवारी मिळेल."

"रविवारी सकाळी पाहिजे!"

"मग रविवारी सकाळी दुसरी टाकी बघा."

ढकलत परत आणली. घरात मला चैन पडेना. खाली जायचं, पोचा बघायचा, वर यायचं. पाणी प्यायचं, पुन्हा खाली. पोचा काही लहान होत नव्हता! जिन्यात जो भेटेल त्याला मी थांबवून सांगत होतो, "रविवारी सासरे येतायत हो!" लोक अभिनंदन करून पुढे जात होते.

"एका जागी बसा हो जरा!" बायको कावली. "बघूनच मला गरगरायला लागलंय."

"बसू कसा? ती शेडमध्ये जाईल!"

"जाऊ दे गेली तर. नाहीतरी तुम्ही कुठे चालवता?"

बायकांना काही गोष्टी समजावून सांगता येत नाहीत. मी ठरवलं, पोचा जाणार नसेल तर निदान गुन्हेगार तरी सासऱ्यांसमोर उभा करायचा! आणि गुन्हेगार शोधायला माझ्याहून लायक माणूस कोण? शनिवारी सकाळी ब्लेडने ती चंदेरी रेघ पांढऱ्या कागदावर खरवडून घेतली, उजेडात धरली, डोळा बारीक केला. चंदेरी, पण हिरवट झाक! एक्केचाळिसातला सव्विसावा! आणि आमच्या इमारतीत असली गाडी एकच होती. तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांची!

मी थेट दवाखान्यात घुसलो. खुर्चीवर एक पेशंट तोंड उघडं टाकून पडला होता.

"डॉक्टरसाहेब, बाहेर या! तुमच्या गाडीने माझी मोटारसायकल पाडलीय!"

डॉक्टर हातमोज्यांसकट बाहेर आले. पेशंटलाही करमेना, तोही तोंडातला कापूस सांभाळत मागोमाग आला.

"माझी गाडी?" डॉक्टर म्हणाले. "तिच्यावर कुठे ओरखडा आहे, दाखवा!"

मी चारी बाजूंनी बघितलं. वाकून बघितलं, बसून बघितलं. एक ओरखडा नव्हता.

"नाही ना?" डॉक्टर म्हणाले.

"नाही! तिथेच तर गोम आहे!" मी म्हणालो. "एवढी जुनी गाडी आणि एक ओरखडा नाही? याचा अर्थ वरून रंग मारून घेतलाय! आमच्या दुकानात रोज असलेच लोक येतात. वरचा थर काढला की खालची जखम बाहेर येते. बघा हं!"

"ओ, ब्लेड ठेवा आधी! ब्लेड ठेवा!"

पण माझा हात सुटला होता. खर्रर्र! गाडीच्या मागच्या कोपऱ्यावर चार बोटं लांब पट्टी निघाली. खाली बघतो तर कारखान्यातला मूळ थर, त्याखाली पत्रा. जखम नाही, डाग नाही, काही नाही. त्या गाडीवर आता एकच जखम होती, आणि ती माझी होती!

"अऽऽऽ!" पेशंट म्हणाला.

"तुम्ही बोलू नका, कापूस पडेल," डॉक्टर त्याला म्हणाले. मग माझ्याकडे वळले. त्यांचे कान लाल झाले होते. "उद्या अकराच्या आत ही गाडी होती तशी झाली नाही ना, तर तुमच्या सासऱ्यांना मी स्वतः सांगेन, या गल्लीत उभ्या गाड्या कोण खराब करतं ते!"

सासरे अकराला येणार हे त्यांनाही ठाऊक होतं. जिन्यात मीच सांगितलं होतं.

धावत दुकानात गेलो. आता डॉक्टरांच्या गाडीचा रंग जुळवणं आलं! एका झाकणात डॉक्टरांचा रंग काढला, शेजारी लेगगार्डची रेघ ठेवली, आणि बघतो तर काय! दोन्ही सारखे नव्हते! रेघेत पिवळ्याचा एक थेंब जास्त होता. गाडी वर्षानुवर्षं उन्हात उभी असली की रंग तसा होतो. डॉक्टरांची तर गेटातल्या छपराखाली असते! एकोणीस वर्षांत मी पहिल्यांदा चुकलो होतो, आणि तेही ब्लेड चालवून!

पण हा एक थेंब पिवळा... हा मी नुकताच कुठेतरी टाकला होता. आमच्याकडे जुळवलेल्या प्रत्येक रंगाचं कार्ड ठेवतात. कुठल्या रंगाचे किती थेंब, कुणासाठी, कधी. मी कार्डांचा खोका उपसला. अकरा दिवसांपूर्वीचं कार्ड. अक्षर माझंच!

'चंदेरी, हिरवट. पिवळा एक थेंब जास्त. मोटार शिकवणारे मास्तर. मागचा कोपरा. शेरा: गिऱ्हाईक समाधानी. मागमूस राहणार नाही.'

आणि मला लख्ख आठवलं! जाड भिंगांचा चष्मा लावलेला माणूस. म्हणाला होता, "आमच्याकडे एक वयस्कर गृहस्थ शिकतात हो. मागे घेताना एका मोटारसायकलला लागली. फार घाबरलेत बिचारे." आणि मी, मीच, छाती पुढे काढून माझं ठरलेलं उत्तर दिलं होतं! वर आणखी म्हणालो होतो, "त्या आजोबांनाही सांगा, मुळीच मनाला लावून घेऊ नका!"

कार्डावरच्या नंबरवर सात वेळा फोन केला. मास्तर उचलत नव्हते, कुणाला तरी शिकवत असणार. माझ्या मोटारसायकलीचा मारेकरी मला सापडला होता, आणि त्याच्या अंगावरचा पुरावा मीच माझ्या हाताने पुसून दिला होता!

रविवारी सकाळी डॉक्टरांच्या गाडीला रंग मारला. अगदी बेमालूम! डॉक्टर भिंग घेऊन बघायला बसले, शेवटी "हं" एवढंच म्हणाले. दहा पन्नासला मी मोटारसायकल पोचा भिंतीकडे करून लावली. तरी पोचा दिसतच होता. मग मी टाकीवर तळहात ठेवून सहज रेलल्यासारखा उभा राहिलो. पोचा बरोबर तळहाताएवढा होता, ते एक बरं झालं.

अकरा वाजता गल्लीच्या तोंडाशी एक मोटार आली. चंदेरी. हिरवट झाक. पुढे लाल 'एल'ची पाटी. मुंगीच्या पावलांनी सरकत ती आमच्या दारात येऊन थांबली. आत जाड भिंगांचे मास्तर! माझ्या अंगात वीजच संचारली. सापडला! आपल्या पायांनी आला! मी ओरडायला तोंड उघडलं आणि माझं लक्ष स्टिअरिंगकडे गेलं. स्टिअरिंग दोन्ही हातांनी गच्च धरून, मान ताठ करून सासरे बसले होते!

"बाबा!" बायको टाळ्या पिटत धावली. "तुम्ही मोटार शिकलात? कधी?"

सासरे उतरले. माझ्याकडे बघेनात. लेगगार्डकडे बघत म्हणाले, "जावईबापू, हात काढा टाकीवरून."

"हात? हा आपला सहजच..."

"काढा. पोचा कुठे आहे ते मला ठाऊक आहे." त्यांचा आवाज कापरा झाला. "तुम्हाला चकित करायला आलो होतो. मागे घेताना पाय चुकला. आपल्याच हाताने पाडली हो मी तिला! बारा दिवस डोळ्याला डोळा नाही."

अकरा वर्षांत प्रथमच बाजी माझ्या हातात होती! मी खोल श्वास घेतला, आवाज जड केला. "बाबा, म्हणजे मी इतका जीव लावून जपलेली गाडी तुम्ही..."

"थांबा!" सासऱ्यांनी बोट वर केलं. "चूक माझी एकट्याची नाही! मास्तर रंगाच्या दुकानात गेले होते. तिथला माणूस चांगला मुरलेला आहे, रोज हेच बघतो. तो काय म्हणाला, सांगा हो मास्तर!"

मास्तर माझ्याकडे टक लावून बघत होते. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"अहो, हेच ते!" ते ओरडले. "हेच म्हणाले, चूक मोटारसायकलवाल्याची! गाडी कशी लावावी याची अक्कल नसते या लोकांना!"

दवाखान्याच्या खिडकीत डॉक्टरांचं डोकं दिसत होतं.

"तुम्ही म्हणालात असं?" सासऱ्यांनी विचारलं.

"म्हणालो," मी पुटपुटलो.

"आणि त्याचा बाप आला तरी ओळखू शकणार नाही, असंसुद्धा?"

"सासऱ्यांचं काही बोललो नव्हतो," मी म्हणालो.

बायको पदर तोंडावर दाबून आत पळाली. सासरे मात्र हसले नाहीत. त्यांनी कव्हर उचललं, मोटारसायकलीवर घातलं, दोरीचे तीन वेढे दिले आणि टोकं आत खोचली. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून हलक्या आवाजात म्हणाले, "ही इथेच राहू दे. तिकडे न्यायची म्हणजे तुमच्या साडूला सगळं सांगावं लागेल. ते काही मला जमायचं नाही. तुमच्यापासून मात्र आता मला लपवायला काही उरलं नाही."

मी त्यांना वाकून नमस्कारच केला.

"शिवाय आता मी दर रविवारी मोटार घेऊन येईन," ते उत्साहाने म्हणाले. "मास्तर म्हणतात, सरावाला ही गल्ली चांगली आहे. मागे घेणं तेवढं अजून कच्चं आहे."

ते निघाले. मोटार मागे यायला लागली तसे डॉक्टर दवाखान्यातून धावत आले आणि आपल्या गाडीपुढे हात पसरून उभे राहिले.

तर मोटारसायकल माझ्याकडेच राहिली! बुधवारी टाकी सरळ होऊन आली, रंग अर्थातच मी जुळवला. सासरे दर रविवारी न चुकता येतात. फक्त ते यायच्या आत, सकाळी नऊ वाजता, मी मोटारसायकल साडूच्या शेडमध्ये नेऊन उभी करतो.