दुर्गाबाईंचा जनसंपर्क

२०२५ सालची दिवाळी सरली, सोलापुरात बऱ्याच वर्षांनी महापालिकेची निवडणूक लागली, आणि त्याच सुमारास भवानी पेठेतल्या दुर्गाबाई पुराणिकांना डॉक्टरांनी सांगितलं, की तुमची फुप्फुसं निम्मी कामातून गेलीत.

"पण मी जन्मात कधी विडी ओढलेली नाही," दुर्गाबाई म्हणाल्या.

"स्वयंपाक कशावर करत होता?"

दुर्गाबाईंना सगळं आठवलं. लग्न होऊन आल्या तेव्हाची भुशाची शेगडी, पावसाळ्यात भुसा दमट झाला की दुपारपर्यंत घरात कोंडणारा धूर, आणि पलीकडे खुर्चीत बसून 'आज फार धूर झाला बुवा' म्हणत सिगरेट शिलगावणारे मुकुंदराव. आता तेही नव्हते आणि शेगडीही.

"मग दोघांनी मिळून ओढली म्हणा," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी तोंडाने ओढायचा पंप दिला आणि एक युक्ती शिकवली. दम लागला की थांबायचं, शीळ घालताना करतो तसे ओठ आवळायचे आणि श्वास हळूहळू सोडायचा.

दुर्गाबाईंना भीती आजाराची नव्हती, मुलाची होती. हृषीकेश पुण्यात अकराव्या मजल्यावर राहायचा. त्याने बजावलं होतं, "आई, तुला रस्त्यात धाप लागलेली कुणी पाहिली, तर मी त्याच दिवशी गाडी घेऊन येतो." त्या घरी दुर्गाबाई एकदा महिनाभर राहून आल्या होत्या. शेजारच्या दारावरची पाटी त्यांना पाठ झाली, पण पाटीमागचं माणूस एकदाही दिसलं नाही. इकडे खालच्या मजल्यावरच्या हेमावतीकडे हृषीकेशचा नंबर होता, आणि हेमावतीच्या जिभेला पुण्याची थेट गाडी होती.

तेव्हा थांबायचं खरं, पण दम लागला म्हणून थांबलो हे दिसू द्यायचं नाही. बरं, पेठेत कुणाच्या दारात उगीच उभं राहता येत नाही. उभं राहिलं की विचारपूस करावी लागते. दुर्गाबाई विचारपूस करू लागल्या. अनुभवाने त्यांच्या लक्षात आलं, की 'जेवण झालं का' या प्रश्नाचा काही उपयोग नाही. समोरचा 'झालं' म्हणतो आणि श्वास अर्धाच राहतो. 'सून काय म्हणते' हा प्रश्न लांब चालतो, पण मग सून बाहेर येते आणि तिचंही ऐकावं लागतं. सगळ्यात चांगला प्रश्न एकच. 'पाणी आलं का?' सोलापुरात हे विचारलं की विचारणाऱ्याला पुढे काही बोलावं लागत नाही.

"कुटलं पाणी बाई," किराणा दुकानदार ईरप्पा सुरू व्हायचा. "परवा येनार म्हनले, न्हाय आलं. काल आलं ते गढूळ. आन् पट्टी मात्र येळंवर भरायची."

दुर्गाबाई डोळे अर्धे मिटून, ओठ आवळून लांब श्वास सोडायच्या. ईरप्पा गिऱ्हाइकांना सांगायचा, "बाईंना लई राग आलाय. दाबून धरलाय त्यांनी."

पेठेतली निम्मी माणसं शाळेत त्यांच्या हाताखालून शिकून गेलेली. बाई रोज दारोदार फिरतात, पाण्याचं विचारतात आणि राग दाबतात, ही बातमी नव्या पेठेपर्यंत गेली. एका सकाळी हेमावतीने जिन्यातच गाठलं.

"बाई, तुमी उबारनार म्हनं?"

"कशाला उभारणार?"

"विलेक्शनला. मग दारोदार कशाला थांबताय?"

आता दोनच उत्तरं होती, एक खरं आणि एक सोयीचं. "बघू," दुर्गाबाई म्हणाल्या. राजकारणात 'बघू' म्हणजे होय, हे शाळेत आयुष्य गेल्यामुळे त्यांना ठाऊक नव्हतं.

ते बापूसाहेबांना ठाऊक होतं. वॉर्डातून वर्षानुवर्षं त्यांच्याच घरचं कुणीतरी निवडून यायचं. यंदा जागा बायकांची झाली, तर सून देवयानी उभी राहणार हे तिला न विचारताच ठरलं होतं. बापूसाहेब निंगप्पा नावाच्या कार्यकर्त्याला घेऊन आले, तेव्हा दुर्गाबाई भाजीची पिशवी घेऊन नुकत्याच जिना चढल्या होत्या. तोंडातून शब्द फुटण्यासारखी स्थिती नव्हती.

"बाई, मी तुमचाच इद्यार्थी," बापूसाहेब म्हणाले. "आपल्यात कशाला चुरस?"

दुर्गाबाईंनी ओठ आवळून श्वास सोडला.

"बरं, तुमच्या गल्लीत टाकी बसवतो."

पुन्हा श्वास.

"शाळेच्या समितीवर घेतो तुमाला. अध्यक्ष करतो."

श्वास.

"मुकुंदरावांच्या नावानं बाग करू की."

मुकुंदरावांचं नाव निघताच दुर्गाबाईंना खोकल्याची उबळ आली. बापूसाहेबांना ती थट्टा वाटली.

"येवडा ताठा बरा न्हाय, बाई," म्हणून ते उठले. 'अरे बापू, मी उभी नाहीच आहे,' एवढं म्हणण्याइतका श्वास गोळा झाला, तोवर खाली गाडी सुरू झाली होती.

त्या संध्याकाळी बापूसाहेबांनी पुण्याला फोन लावला. "आईला आवरा. ह्या वयात पायाला भिंगरी बांधल्यावानी फिरत्यात. उद्या काय झालं तर?" दुसऱ्या दिवशी हृषीकेश गाडी घेऊन दारात.

"आई, बॅग भर."

दुर्गाबाईंनी घरावरून एकदा नजर फिरवली. "मला येता येणार नाही. मी उमेदवार आहे."

"कधीपासून? अर्ज भरलास?"

"आज शेवटचा दिवस आहे. गाडी आणलीच आहेस, तर कचेरीत सोड."

प्रचारफेरी त्यांना मानवली. दर दारात औक्षण, दर औक्षणाला विसावा. पण निंगप्पाने औषधाच्या दुकानातून सुगावा काढला आणि घरोघरी पत्रकं पडली: 'अर्ध्या फुप्फुसाचा उमेदवार अख्खा वॉर्ड कसा सांभाळणार?'

आईसाठी थांबलेल्या हृषीकेशने पत्रक दोनदा वाचलं. "मला नुसता दमा म्हणाली होतीस. निम्मी फुप्फुसं?"

दुर्गाबाईंनी कपाटावरची बॅग स्वतःच खाली काढली. दोन लुगडी घडी करून ठेवली, तोच दार वाजलं. समोरच्या घरातली सिद्धम्मा उभी होती. तिचा जन्म विड्या वळण्यात गेलेला. तिने पदराआडून एक पंप काढला.

"बाई, ह्यो रोजचा का दम लागल्यावरचा? घरात कुनाला इचारू? सुनंला सांगिटलं न्हाय मी. खोकती म्हनून पोरं जवळ येऊ द्यायची न्हाय."

तिच्यामागे ईरप्पा होता. त्याचा पंप गल्ल्यात लपवलेला असायचा. त्याच्यामागे जिन्यात रांग लागली होती, आणि एका दमात वर येणारं त्यात कुणीच नसल्यामुळे प्रत्येक पायरीवर एकेक म्हातारं बसलेलं होतं. हृषीकेश त्यांना पाणी देत संध्याकाळपर्यंत खाली-वर करत राहिला. बॅग उघडीच राहिली.

निकालाच्या दिवशी कळलं, की धडधाकटांची मतं फुटली आणि खोकणाऱ्यांची एकगठ्ठा पडली. दुर्गाबाई निवडून आल्या.

हृषीकेश एकटाच पुण्याला परतला. निवडून आलेल्या बाईला वॉर्डाबाहेर कसं न्यायचं, हे त्याला अजून सुचलेलं नाही. देवयानीने सासऱ्यांसमोर चेहरा पाडला आणि आत जाऊन शिरा केला. सिद्धम्माची सून रागावली, मग स्वतःची छाती तपासून आली. आता दोघी एकमेकींना पंपाची आठवण करतात. निंगप्पा दुर्गाबाईंची पिशवी उचलतो आणि पहिल्यापासून बाईंचाच माणूस होतो असं सांगतो. हेमावती पुण्याला फोन करते, पण हल्ली भाच्याच्या नोकरीसाठी. पाणी पूर्वीसारखंच येतं. दुर्गाबाई सभेत त्याबद्दल विचारतात, आणि अधिकारी उत्तर देत असतात तोवर त्यांचा श्वास अगदी व्यवस्थित होतो.

राहिले बापूसाहेब. तीस वर्षं ओढलेल्या सिगरेटी पराभवानंतरच्या थंडीत एकदम वर आल्या. धापणाऱ्या पुढाऱ्याचे कार्यकर्ते टिकत नाहीत, म्हणून ते घरी सांगेनात आणि दवाखान्यात जाईनात. एका संध्याकाळी जिना चढून आले आणि खुर्चीत कोसळले.

"बाई, ते ओट आवळून कसं करायचं?"

"शाळेत लक्ष दिलं नाहीस, आता तरी दे," दुर्गाबाई म्हणाल्या. "उद्या डॉक्टरांकडे चल माझ्याबरोबर. तोवर माझ्याकडे बघ."

आता दर संध्याकाळी दोघं खिडकीशी समोरासमोर बसतात, ओठ आवळतात आणि तासभर एक अक्षर बोलत नाहीत. खाली ईरप्पाच्या दुकानापुढे माणसं माना वर करून बघतात. युतीची बोलणी शेवटच्या टप्प्यात आहेत, असं पेठेत सगळ्यांचं मत आहे.