मोमोचा श्रावण

पाचव्या संध्याकाळीही मोमोने तोंड फिरवलं आणि सुदामरावांनी चिमट्यातला दाणा परत काढून घेतला. मोमो म्हणजे त्यांच्या लेकीने, अनुष्काने पाळलेला ॲक्सोलॉटल. वीतभर लांब, गुलाबी, चार पायांचा पाण्यातला जीव. मानेभोवती पिसांसारखे कल्ले आणि चेहऱ्यावर सदा हसू. उपाशी असतानाही तो हसतच होता, आणि तेच सुदामरावांना बघवत नव्हतं.

अनुष्का रत्नागिरीला शिकायला गेली ती मोमोला बाबांच्या हवाली करून. सोबत दाण्यांची बरणी, पाणी गार ठेवायला बर्फाच्या बाटल्या आणि एक वाक्य, "बाबा, त्याला काही झालं तर माझं तिथे मन लागणार नाही." पोर पहिल्यांदाच घर सोडून गेली होती. फोनवर तिचा पहिला प्रश्न मोमो जेवला का हाच असायचा. सुदामराव बेधडक हो म्हणायचे. शनिवारी ती घरी येणार होती.

दाणे नको असतील तर ताजी कोलंबी द्यावी, हे आगरी माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. पण महिना श्रावणाचा होता, आणि तोही साधासुधा नाही. अनुष्काला प्रवेश मिळाला तर श्रावणभर घरात मासळी शिरणार नाही, असा नवस त्यांच्या बायकोने, माधुरीने केला होता. ज्या घरात एरवी सोमवार काढणंही जिवावर यायचं, तिथे आता रोज वरणभात शिजत होता.

सुदामरावांनी बायकोकडे विषय काढून पाहिला. ती भाजी चिरता चिरता निवांतपणे म्हणाली, "खाईल हो भूक लागल्यावर." एवढी प्रेमळ बाई इतकी कोरडी कशी झाली, त्यांना कळेना. वरणभाताचा परिणाम असावा, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना ते बाजाराच्या कोपऱ्यावर थांबले. मोरा बंदरावरून मासळी घेऊन येणारी मालू तिथे बसायची. इकडेतिकडे बघत त्यांनी हळूच चार कोलंब्या मागितल्या.

"श्रावनात चोरून खानारी लय बगली दादा," मालू म्हणाली, "पन चार?"

नाइलाजाने त्यांनी सगळी हकीकत सांगितली. मालूने खाडीच्या चार टपोऱ्या कोलंब्या निवडून दिल्या. त्या रिकाम्या डब्यात लपून घरी आल्या. सुदामरावांनी न्हाणीघरात कोंडून घेऊन त्या सोलल्या, तोंडाला सुटलेलं पाणी गिळलं आणि वास जावा म्हणून दोन अगरबत्त्या लावल्या. मोमोने कोलंबी हुंगल्यासारखं केलं आणि हसत हसत टाकीतल्या छोट्या कुंडीमागे निघून गेला. पुढच्या दोन संध्याकाळीही तेच झालं.

मग त्यांनी सोसायटीच्या बागेत गांडुळं उकरली. सेक्रेटरी सुशांत वरून बघत होता. "म्हात्रेकाका, तुमच्या घरातून हल्ली सकाळ-संध्याकाळ अगरबत्तीचा वास येतो," तो म्हणाला. "भक्ती वाढलीय वाटतं."

सुदामराव चपापले. ते तर फक्त संध्याकाळी लावत होते. म्हणजे सकाळची माधुरीची. ती बिचारी देवापुढे बसते आणि आपण तिच्या पाठीमागे कोलंबी सोलतो, या विचाराने त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. गांडुळालाही मोमोने विचारलं नाही.

शुक्रवारी त्यांनी मालूपुढे हातच टेकले. उद्या पोर येणार, तिला काय दाखवू, म्हणाले. मालूने पाटी शेजारणीच्या हवाली केली. "चला, मीच बगते," म्हणत ती त्यांच्यामागोमाग निघाली. घरात मासळी येत नाही, मासळीवाली येते, एवढ्यावर सुदामरावांनी मनाला गप्प केलं.

दार माधुरीने उघडलं. तिला बघून मालूचा चेहरा खुलला.

"वैनी, तुमी इथं रावता? आज सकाली आला नाय ती?"

सुदामराव एकदा मालूकडे, एकदा बायकोकडे बघत राहिले. "तू हिला ओळखतेस?" त्यांनी मालूला विचारलं.

"मंग? माजी रोजची भवानी यांचीच. सा कोलंबी, तितंच सोलून. घरात नाजूक बाल हाय म्हनतान."

माधुरीने पदर सारखा केला. "पोर गेल्यावर त्याने कोरडे दाणे चघळायचे?" ती म्हणाली. "नवस तिच्यासाठीच केला होता ना? मग तिचा जीव उपाशी ठेवून कसला नवस." तिचे डोळे भरले होते.

"मग मला सांगायचं की."

"तुम्ही मला सांगितलंत?"

सकाळची अगरबत्ती कशासाठी होती, ते सुदामरावांना आता उमगलं. त्यांना हसू आलं आणि गेला आठवडाभर जिला कोरडी समजत होतो तिच्याबद्दल भरूनही आलं.

मालू एव्हाना टाकीला नाक लावून उभी होती. "याला भूक नाय, अजीर्न हाय," तिने सांगून टाकलं. "पोट बगा, डोक्यापरीस मोटा झालाय. आठ दिस कायपन देव नका."

शनिवारी अनुष्का आली ती बॅग खांद्यावर ठेवूनच टाकीकडे धावली. मोमो किती गुटगुटीत झालाय, म्हणून तिने दोघांना मिठ्या मारल्या. दोघंही एकमेकांची नजर चुकवत होते. मग तिने बरणी उघडली आणि चिमट्यात दाणा धरला.

"थांब," आईबाबा एकदमच म्हणाले, "त्याचा श्रावण आहे."