गढीचा सातबारा

न्यू जर्सीत, पार्सिपनीला घर घेतलं, त्याच्या तिसऱ्याच दिवशी दारावरची बेल वाजली. खोकी उचलून माझी कंबर मोडायला आली होती, त्यामुळे मी फणकाऱ्यानंच दार उघडलं. बाहेर स्वेटर, माकडटोपी आणि काखेत दोरीनं बांधलेली फाइल अशा थाटात एक सत्तरीचे गृहस्थ उभे. नाव नाही, गाव नाही, पहिला प्रश्न: "तुमच्याआधी हे घर कोणाचं होतं, ठाऊक आहे का?"

मला कुठलं ठाऊक असणार? त्यांना होतं. पहिला मालक प्लंबर. तो वारल्यावर घर दोन मुलींच्या नावावर गेलं, मुलींचं आपसांत पटेना म्हणून त्यांनी ते एका दंतवैद्याला विकलं आणि दंतवैद्याकडून आम्ही घेतलं.

"आता मालकाच्या रकान्यात कोणाचं नाव लावू?"

"दोघांचं आहे. माझं आणि माझ्या नवऱ्याचं, अजयचं."

गृहस्थ एकदम खुलले. फाइलीतल्या हातानं रेघा मारलेल्या कागदावर त्यांनी आधी माझं नाव लिहिलं, मग अजयचं, आणि मगच आत येऊन चहा घेतला. नोंद पुरी झाल्याशिवाय खातेदाराच्या घरचा चहा घ्यायचा नाही, हा त्यांचा नोकरीभराचा नेम.

तर हे भाऊसाहेब. साताऱ्याकडे तलाठी होते. तलाठ्याला गावात भाऊसाहेबच म्हणतात आणि इथंही सगळे तेच म्हणतात, त्यांची अमेरिकेत जन्मलेली नातसुद्धा. बायको गेल्यावर ते मुलाकडे, समीरकडे, राहायला आले. समीर आणि सून दिवसभर मीटिंगमध्ये. रिकामं बसवेना म्हणून भाऊसाहेबांनी अख्ख्या गल्लीचे सातबारे करायला घेतले. इथली जुनी कागदपत्रं ऑनलाइन मिळतात, याचा मात्र त्यांना मनस्वी राग. "चकरा नाहीत, 'उद्या या' नाही. लोकांना सरकारची किंमत कळणार कशी?"

गेल्या वर्षी माझ्या सासूबाई आल्या होत्या. त्यांना तासाभरावरची एक मॅनर दाखवायला निघालो आणि भाऊसाहेबांनाही गाडीत घातलं. तिथंच माझं चुकलं. ही मॅनर म्हणजे मूळची इंग्लंडातली, कित्येक शतकांपूर्वीची सरदाराची दगडी हवेली. इथल्या एका साबणाच्या कारखानदाराला ती आवडली, तर पठ्ठ्यानं एकेका दगडावर नंबर टाकून ती बोटीनं आणली आणि न्यू जर्सीत पुन्हा उभी केली. आता तिथं म्युझियम आहे.

"अगं, ही तर गढी," भाऊसाहेब म्हणाले आणि दारातच थांबले. तिथं आजवरच्या सगळ्या मालकांचा फलक होता. चष्मा पुसून त्यांनी वाचायला घेतला. "राजानं सरदाराला दिली, म्हणजे इनाम. नातवानं राजाशी वाकडं घेतलं, झाली सरकारजमा. पुढं लोकरीच्या व्यापाऱ्यानं घेतली, ते खरेदीखत." साबणवाल्यापाशी मात्र ते अडले. "जमीन तिकडे, घर इकडे. उतारा काढायचा कुठल्या गावचा?" सासूबाईंनी गढीपेक्षा भाऊसाहेबांनाच जास्त पाहिलं.

म्युझियमची मॅनेजर लिंडा मोठी गोड बाई. तिनं त्यांना दर रविवारी पाहुण्यांना माहिती द्यायला बोलावलं. त्यांना ड्राइव्ह करता येत नाही, समीरला वेळ नाही, म्हणजे माझ्या रविवारच्या झोपेची वाट लागली. भाऊसाहेब सांगायचे, "फर्स्ट ओनर डाइड. नो विल. देन बिग भांडण." भांडण कोणाला समजावून सांगावं लागलं नाही.

मग त्यांना फलकावर एक फट सापडली. सरदार एडमंड मेला आणि पुढचं नाव त्याच्या मुलाचं. पण बाप गेला तेव्हा मुलगा पाळण्यात होता. "पाळण्यातलं पोर शेतसारा गोळा करतं होय? मधली वीस वर्षं वहिवाट कोणाची?"

लिंडानं जुने कागद काढले. वहिवाट होती एडमंडच्या विधवेची, ॲलिसची. तिनं कुळं सांभाळली, छप्पर शाकारून घेतलं, गिरणीवरून शेजारच्या सरदाराशी दावा लढवला. पण कायद्यानं ती मालक नव्हती, म्हणून फलकावर नाही.

"मालक नसेल. कसत तर तीच होती ना?" भाऊसाहेब म्हणाले. "आमच्या उताऱ्यावर असल्या बायकांना इतर हक्कांचा रकाना असतो. तुम्ही तेवढाही ठेवला नाही?"

वसंतात नवा फलक लागणार होता. त्याच्याआत ॲलिसचं नाव लागलंच पाहिजे, असं त्यांनी मनावर घेतलं. म्युझियमच्या कमिटीला त्यांनी अर्ज केले, टाइप मी केले. दोन फेटाळले. फलकावर जागा नाही म्हणे. भाऊसाहेबांचं जेवणावरचं लक्ष उडालं. समीरचा फोन आला, "ताई, बाबांना समजाव ना यार. हे काय घेऊन बसलेत?"

मी गेले समजवायला. "भाऊसाहेब, कुठल्या जमान्यातली बाई. तिला आता काय फरक पडतो?"

"तिला नाही पडत," ते म्हणाले. "नोंद करणाऱ्याला पडतो."

पुढच्या रविवारी त्यांनी टेप लावून फलक मोजला आणि अक्षर जरा बारीक केलं तर एक ओळ आरामात बसते, हे नकाशा काढून तिसऱ्या अर्जाला जोडलं. मोजणीपुढे कमिटीचं काही चाललं नाही.

गेल्या रविवारी नवा फलक लागला. एडमंडच्या खाली, बारीक अक्षरात: इतर हक्क, ॲलिस, विधवा, हिनं घर राखलं. अर्थात इंग्रजीत. भाऊसाहेबांनी त्या ओळीवरून बोट फिरवलं. मी म्हटलं, उभे राहा, फोटो काढते. "माझा नको. तिचा काढ," म्हणाले.

गाडीत बसल्यावर त्यांनी फाइल माझ्याकडे दिली आणि बेल्ट लावता लावता आपणहून बोलायला लागले.

"गावी आमची दीड एकर आणि घर. माझी आज या गावी बदली, उद्या त्या. सगळं समीरच्या आईनं, सुमननं केलं. मी लोकांच्या बायकांची नावं उताऱ्यावर लावत फिरलो. ती विचारायची, माझं कधी लावताय? मी म्हणायचो, घरचंच काम आहे, करू पुढच्या महिन्यात." बेल्टचा खटका लावून म्हणाले, "मग ती गेली. मयताचं नाव लावता येत नाही. तसा नियम आहे."

मी उगीच हाताला चाळा म्हणून फाइल उघडली. समीरच्या घराचं पान आलं. मालक: समीर. खाली इतर हक्क: सुमन. जिनं अमेरिका कधी पाहिली नाही, ती सुमन. नावामागे 'कैलासवासी' नाही. शेजारी भाऊसाहेबांची सही.

"भाऊसाहेब, हे नियमात बसतं?"

त्यांनी फाइल घेतली आणि सावकाश दोरी बांधली.

"तिकडं नाही बसत," ते म्हणाले. "पण या गल्लीचा तलाठी मी आहे."