टिंबाआड गेलेला जितेंद्र

थोरल्या नातीचं, किशोरीचं लग्न झालं ते वर्ष दोन हजार चोवीस. लग्नाचं जेवण पचायच्या आत मी घरात जाहीर केलं, की आता मला कॉम्प्युटर येतो! हसू नका. जन्म होडीवर गेला, अक्षरं साठी उलटल्यावर शिकलो, तीही एकाच कारणासाठी. आमचा जितेंद्र मोठ्या बोटीवर इंजिनात काम करतो. भर समुद्रात फोन लागत नाही, मेल तेवढा येतो. पोराचा मेल मला दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचा नव्हता. अजूनही एकेक अक्षर गळाला लावून ओढतो, पण वाचतो!

धाकटी नात संचिता घरूनच कंपनीचं काम करते. बापाचे सगळे मेल एका वेगळ्या कप्प्यात ठेवायचे म्हणून ती प्रोग्राम लिहीत होती. मी शेजारी पाट घेऊन बसलो.

"ह्या कसला लिवतंस?"

"पायथन, आजोबा. पायथन म्हणजे अजगर. त्येची मेलबॉक्स नावाची लायब्ररी आसा."

अजगराची लायब्ररी! पुस्तकांच्या कपाटावर वेटोळं घालून बसलेला अजगर माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

"आणि भरलेलो कप्पो चुकान काढून टाकलो तर?"

"काढूकच देणा नाय. आत मेल आसलो तर ती लायब्ररी सरळ नाय म्हणता."

एवढं शहाणं आमच्या घरात कोणी नाही!

"प्रोग्राम तयार आसा," संचिता उठली. "मी कट्ट्याच्या बाजारात जावन येतंय. तुमी हात लावू नकात हां!"

रिक्षाचा आवाज वळणापलीकडे गेला आणि मी बटण दाबलं. एक बटण दाबायला काय कॉलेज लागतं?

मेल ठेवलेली जागा तिने मला दाखवली होती. ती उघडली. आत तीन कप्पे. पहिला रिकामा. दुसरा रिकामा. तिसरा, पाऊस थांबल्यावर छत्री दुकानात विसरलेल्या माणसाच्या हातासारखा, रिकामा! वर्षांनुवर्षांचे पोराचे मेल, एकही नाही!

"सीता गो!" मी स्वयंपाकघरातल्या बायकोला हाक मारली. "जितेंद्राचो मेल गेलो! सगळो गेलो!"

शेजारची काशीबाई दगडी गडग्यापलीकडे माडाची चुडतं गोळा करत होती. आमच्या बोलीत मेल आणि मेलो यांत एका 'ओ'चं अंतर. तो 'ओ' काशीबाईने पदरचा घातला!

"जितेंद्र मेलो गोऽऽ!"

मेल जायला जेवढा वेळ लागत नाही तेवढ्यात वाडी गोळा झाली. सीता उंबऱ्यातच बसली.

"मेलो नाय गो, मेल गेलो!" मी ओरडलो.

"मेलो तो गेलोच मां, भावजी!" काशीबाईने हंबरडा फोडला.

भजनीबुवा सत्यवान खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बॉडी कधी येतली?"

"बॉडी नाय रे, मेल!"

"मेलो ता कळला, गणपतभाऊ. बॉडी इचारतंय."

कोणीतरी जितेंद्राला फोन लावला. लागला नाही. मग तर रडण्याला भरतीच आली! आणि खरं सांगतो, तेव्हा मीही मनात हिशोब करू लागलो. शेवटचा मेल कधी आला होता? आठवेना. बघायला जावं तर मेलच नाहीत!

संचिता रिक्षातून उतरली ती रडतच. कट्ट्याच्या स्टँडवरच कोणी तिला बाप गेल्याचं सांगितलं होतं.

"आजोबा, कसा झाला?"

"माझ्याच हातान झाला गो! मी बटण दाबलंय!"

पोरीने माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी मालवणातून बटण दाबून बोटच बुडवली! मग तिला उमगलं. ती धावत कॉम्प्युटरपाशी गेली, दोन शब्द टंकले. पडद्यावर नाव आलं: जितेंद्र. आत सगळे मेल जागच्या जागी!

"ही लायब्ररी नव्या कप्प्याच्या नावापुढे टिंब लावता, आजोबा. टिंब लागला की कॉम्प्युटर तो कप्पो दाखवणा नाय. पण आसता थयच!"

अक्षराच्या माथ्यावर टिंब दिलं की ते नाकातून बोलतं, एवढं मला मास्तरांनी शिकवलं होतं. पुढे टिंब दिलं की ते आडोशाला जातं, हे कोणी सांगितलंच नाही!

एवढ्यात त्या तीन रिकाम्या कप्प्यांतला 'न्यू' म्हणून जो होता त्यात एक मेल टपकला. आजचा! जितेंद्राचा!

"मी वाचतलंय!" मी चष्मा लावला. "बा... बा. मी... ब... रो... आ... सं..."

"बरो आसा!" वाडी एकदम ओरडली. सीताने डोळे पुसले आणि पदर खोचला. "एवढी माणसां रडान रडान दमली. तशीच कशी धाडूची? सत्यवाना, तो तांबडो कोंबडो धर!"

सगळे मागीलदारी पळाले. मी आपला अक्षरं ओढत बसलो. दुसरी ओळ हाताला लागली तेव्हा घरभर भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटपाचा वास सुटला होता.

'चतुर्थीक येतंय. तांबड्या कोंबड्याक जपा. पिल्लू होतो तेव्हापासून मी वाढवलेलो आसा, कोणाक कापूक देव नकात.'

मी चष्मा काढला आणि पानावर जाऊन बसलो.

लोक अजून विचारतात, म्हणून सरळ लिहून ठेवतो. आमचा जितेंद्र मेला नाही. मेला तो त्याचा तांबडा कोंबडा, किशोरीच्या लग्नाच्या वर्षी, आषाढातल्या एका रविवारी, दुपारी. रस्सा बरा झाला होता.