यादीतला पहिला पर्याय

कुवेतमधल्या शिकारी सामानाच्या एका नामांकित दुकानाच्या दुरुस्ती विभागात रविवारी सकाळी रायफलची एक दुर्बीण रीतसर दाखल झाली. सोबतच्या पत्रकात दोष नोंदवला होता : 'दिवा विझतो.' प्रकरण इद्रीस मुकादम यांच्याकडे सोपवण्यात आलं. इद्रीसभाई मूळचे हर्णैचे. या टेबलावर त्यांची बावीस वर्षं गेली होती, आणि पुढच्या रविवारी त्यांच्या मुलीचा, युसराचा, हर्णैला निकाह होता. विमान गुरुवारी संध्याकाळचं.

इद्रीसभाईंनी दुर्बीण उचलली. आतला लाल ठिपका पेटला. टेबलावर ठेवली, पाच मिनिटांनी तो विझला. पुन्हा उचलली, पुन्हा पेटला. माहितीपुस्तिकेच्या सातव्या पानावर हेच लिहिलं होतं : दुर्बीण पडून राहिली तर सेल वाचवण्यासाठी ठिपका विझतो, हलली की पेटतो. त्यांनी 'दोष नाही' अशी नोंद करायला संगणक उघडला. तिथे तसा पर्यायच नव्हता.

तो गेल्या वर्षी काढण्यात आला होता. दोषच नसेल तर दुरुस्ती विभाग कशाला, असा बिनतोड प्रश्न तपासणीला आलेल्या मंडळींनी विचारला होता. आता दोष दूर झाल्याची नोंद होईपर्यंत तक्रार उघडी, तक्रार उघडी असेपर्यंत रजा बंद, आणि रजा नाही म्हणून कंपनीकडून देश सोडायचं एक्झिट परमिट नाही. त्याशिवाय विमानतळावरचा माणूस पासपोर्टकडे बघतसुद्धा नाही.

इद्रीसभाई सेवा व्यवस्थापक नचिकेत दामले यांच्याकडे गेले. साहेब पुण्याचे, आधी तेलशुद्धीकरणात होते. गळती नसेल तिथेही ती शोधायची सवय तिथलीच.

"साहेब, हिला काय पण झालेलं नाय. पडून राहिली की झोपते, एवढंच."

"इद्रीसभाई, तक्रार आहे म्हणजे दोष आहे. आपण शास्त्रशुद्ध चाचणी घेऊ."

सोमवारी दुर्बीण शिकंज्यात आवळून आठ तास निश्चल ठेवण्यात आली. ठिपका पाच मिनिटांत विझला. उरलेले सात तास पंचावन्न मिनिटं तो विझलेलाच आहे ना, यावर देखरेख झाली. मंगळवारी सेल बदलला आणि नवा सेन्सर बसवला. नवा सेन्सर जास्तच गुणी निघाला. तो चार मिनिटं एकोणसाठ सेकंदांत विझला.

"हाच तिचा गुण हाय, साहेब."

"गुणाला कोड नाही," साहेब म्हणाले.

बुधवारी मार्ग काढला तो चहावाल्या शत्रुघ्नने. तो बीडचा. "माझ्या गाड्यावर ठिवा की. त्यो कुठं थांबतोय दिवसभर?" दुर्बीण चहाच्या गाड्यावर दोरीने बांधण्यात आली. शत्रुघ्न आठ तास फिरला, मजल्यावर माणशी अकरा कप चहा झाला आणि ठिपका क्षणभरही विझला नाही. चाचणीत दुर्बीण स्थिर हवी, ही अट होती. साहेबांनी अहवालात लिहिलं : 'गाड्याच्या तुलनेत दुर्बीण पूर्णतः स्थिर होती.' संगणकाने ते मान्य केलं आणि ग्राहकाची सही मागितली.

गुरुवारी दुपारी ग्राहक आले. शहरातल्या दस्मान भागातले बू सालेम, सत्तरीचे शिकारी. त्यांनी दुर्बीण डोळ्याला लावली आणि खाली घेतली.

"काच पुसली नाही?"

"काच?" साहेबांनी विचारलं.

"वाळवंटातली धूळ बसली होती. पुसायला दिली होती. दिवा उत्तम आहे."

सगळे काउंटरवरच्या शलाकाकडे बघू लागले. "सर, दोष निवडल्याशिवाय फॉर्म पुढेच जात नाही," ती म्हणाली. "काच पुसणं यादीत नाही. पहिलं होतं ते टिक केलं. मागे रांग होती."

इद्रीसभाईंनी फुंकर मारली, मऊ फडकं फिरवलं. अर्धं मिनिट लागलं. बू सालेम खूश होऊन सही करून गेले. विमानाला चार तास उरले होते.

साहेब मनाचे वाईट नव्हते. त्यांना खरंच भरून आलं. "इद्रीसभाई, तुम्ही सामान घ्या. परमिटचा फॉर्म मी स्वतः भरतो." जाण्याचं कारण विचारलं होतं. मुलीचं लग्न यादीत नव्हतं. साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि बटण दाबलं. परमिट अर्ध्या मिनिटात आलं.

निकाह झकास झाला. मुलाकडच्यांना दुसऱ्यांदा बिर्याणी वाढत असताना इद्रीसभाईंचा फोन वाजला. 'आपली कायमची रवानगी मंजूर झाली आहे. बावीस वर्षांच्या सेवेबद्दल आभार.'

हातातला डाव तसाच धरून त्यांनी साहेबांना फोन लावला. "साहेब, कायमची?"

पलीकडे साहेबांनी परमिटचा फॉर्म पुन्हा उघडून पाहिला. मग साहेब म्हणाले, "यादीत पहिलं तेच होतं, इद्रीसभाई. मागे तुमचं विमान होतं."

"मग आता?"

"तक्रार नोंदवा. फॉर्म पाठवतो."

फॉर्म आला. त्यात 'कंपनीची चूक' हा पर्याय नाही. पहिला पर्याय आहे 'दिवा विझतो'.

आपण हसलात, बरं वाटलं. आपणही कधीतरी रांग मागे आहे म्हणून यादीतलं पहिलं टिक करून मोकळे झाला असाल. ते कुणाच्या टेबलावर गेलं, हे जरा विचारून ठेवा. इद्रीसभाई अजून हर्णैला आहेत.