तह दुसऱ्याच अंकीं जाहला

श्रीरंगदेवता प्रसन्न. पडदा वेळेवर उघडो, रयतेस खोकला न येवो, आणि लिहिणाऱ्याचा हात खऱ्याला धरोन राहो. शके १८९६ आनंदनाम संवत्सरीं, मार्गशीर्ष मासीं, राजश्री भिवाजीराव मुणगेकर समुद्रकाठचा गांव सोडोन, एक वळकटी व एक लांकडी तरवार घेऊन नाटकाचे मुलुखांत दाखल जाहले. मूळचे दशावतारी. त्या खेळांत लिहिलेलें पुस्तक नसतें. म्होरक्या आधीं कथा सांगतो, आणि मग राजानें राजासारखें व राक्षसानें राक्षसासारखें मनचें बोलावें, ऐसी चाल. ही चाल भिवाजीरावांचे हाडींमाशीं मुरली होती, आणि पुढील सर्व बखेडा तिच्यापासोनच उत्पन्न जाहला.

मुलुखांत येतांच ते एका मंडळींत बदली नट म्हणोन राहिले. कोणी आजारी पडला कीं भिवाजीरावांस उभें करावें. ऐसे एका वर्षांत हवालदार जाहले, वैद्य जाहले, दोन वेळां खुनी जाहले, आणि नायिकेची आई बाळंतपणास गेली तेव्हां मिशा काढोन आईही जाहले, आणि लोक रडले. मग लेखणी धरिली आणि चौदा नाटकें लिहिलीं आणि स्वतःची मंडळी उभी केली. मग शेजारचे पडद्याचे मुलुखांतून बोलावणें आलें, तेथेंही स्वारी गेली आणि अडतीस चित्रपट सर केले. मात्र तेथील दिग्दर्शक मेटाकुटीस आले. कां कीं एकच वाक्य चार वेळां चित्रित करावें तों भिवाजीरावांनीं चार तऱ्हेचें बोलावें, आणि जोडणाऱ्यानें कपाळ बडवावें. परंतु चारही बरीं निघत, म्हणोन पुन्हां बोलावीत.

त्या पहिल्या मंडळींतच इंदुमतीबाई कार्लेकर म्हणोन मुख्य नटी होत्या, त्याही पुढें भिवाजीरावांचे मंडळींत आल्या. बाईंचें पाठांतर ऐसें कीं स्वल्पविरामही चुकत नसे. बावीस वर्षें दोघें एके रंगमंचीं उभीं राहिलीं. भिवाजीरावांनीं लिहावें, बाईंनीं तें जिवापाड पाठ करावें, आणि प्रयोगीं भिवाजीरावांनीं आपलेंच लिहिलें सोडोन भलतें बोलावें. नोकराचें सोंग घेणारे वृद्ध दिघे ‘चहा’ शब्द ऐकोन आंत यावयाचे. तो शब्दच न आल्यानें तबक घेऊन पाव तास विंगेंत तिष्ठत. बाई रागावत आणि भिवाजीराव म्हणत, “बाई, लिवणारो भिवाजी येगळो आणि बोलणारो येगळो. दोघांचा पटना नाय, तेका मी काय करू?”

पुढें ‘सासऱ्याचा तह’ हें नाटक गाजलें. त्यांत व्याही व विहीण दोन अंक भांडतात आणि तिसऱ्या अंकाचे अखेरीस तह करितात. एकशें नव्याण्णवावे प्रयोगीं भिवाजीरावांस ऐसी कांहीं लहर आली कीं दुसऱ्याच अंकांत विहिणीची माफी मागोन, तह करोन मोकळे जाहले. लोकांनीं टाळ्या दिल्या. मग तिसरा अंक उघडला, आणि बाई पुस्तकाप्रमाणें त्याच अपराधाबद्दल भांडूं लागल्या, जो मघांच माफ केलेला. प्रेक्षक खो खो हंसले.

प्रयोग संपतांच बाई रंग न उतरवितां भिवाजीरावांसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “भिवाजीराव, आज लोक नाटकाला हसले नाहीत, मला हसले. दोनशेव्या प्रयोगात एक शब्द इकडचा तिकडे झाला, तर तो माझा शेवटचा प्रयोग.”

भिवाजीरावांचें धाबें दणाणलें. बाई गेल्या तर मंडळी मोडती, हें तर होतेंच. परंतु बाईंवांचून रंगमंचीं उभें राहणें आपणांस ठाऊकच नाहीं, हें त्यांस त्याच दिवशीं उमगलें. मग महिनाभर प्रयोग बंद ठेविले, आणि स्वतः लिहिलेलें नाटक स्वतः पाठ करावयास बसले. कुटुंब मंजुळाबाई पुस्तक धरीत आणि दर वाक्यास म्हणत, “पुस्तकात तसा नाय हा. परत म्हणा.” आणि राव परत म्हणत.

शके १९१८ धातानाम संवत्सरीं, माघ मासीं, दोनशेवा प्रयोग जाहला. भिवाजीराव शब्दास शब्द बोलले. ‘चहा’ वेळेवर आला, तेव्हां दिघे विंगेबाहेर विडी ओढीत होते. धांवत येऊन रिकामें तबक ठेविलें. आणि नाटक निपचित पडलें. वाक्य खरें, जागा खरी, हंसूं मात्र कोठें नाहीं. भिवाजीरावांस घाम सुटला. तरी बाईंकडे पाहत आणि पुढील शब्द अचूक उच्चारीत. ऐसा दुसऱ्या अंकाचा मध्य आला, आणि बाईंची पाळी आली, आणि बाई थांबल्या. मग जें वाक्य कोणत्याही पुस्तकांत नव्हतें, तें बोलल्या, “व्याही, आज असे पाहुण्यासारखे का बोलताय? घरातल्यासारखं बोला की.”

भिवाजीरावांचें सारें पाठांतर तेथेंच गळालें. मग म्हणाले, “विहीणबाई, महिनाभर मी या घरात जोडे हातात घेऊन वावरतोय. पाय वाजला तर तुम्ही निघून जाल, ही भीती.”

बाईंचे डोळे भरले. पुढें काय बोलावें हें त्यांस कोणीं लिहोन दिलें नव्हतें, तरी त्या पुन्हां स्वतःचेंच बोलल्या, “घाला जोडे. वाजू देत.”

मग जो हंशा आणि ज्या टाळ्या जाहल्या, त्यांत तह पुन्हां दुसऱ्याच अंकीं जाहला, आणि तिसऱ्या अंकीं दोघांनीं मिळोन नवें भांडण उकरोन काढिलें आणि रात्रीं वेळेवर मिटविलें.

पडदा पडल्यावर भिवाजीराव लेखणी घेऊन बाईंचे खोलीशीं गेले आणि म्हणाले, “बाई, तुमचा ता जोड्यांचा वाक्य पुस्तकात घालूचा म्हणतंय.”

बाई आरशांत पाहत कुंकू पुसत होत्या. म्हणाल्या, “लिहू नका. लिहिलंत की मला पाठ करावं लागेल.”

येणेंप्रमाणें भिवाजीरावांचे नांवें चौदा नाटकें, अडतीस चित्रपट, आणि भूमिका न मोजलेल्या. ‘सासऱ्याचा तह’ पुढें सहा वेळां छापिला. तें वाक्य एकाही प्रतींत नाहीं. ज्यांणीं ऐकिलें, त्यांणीं ऐकिलें.